सेकंड हँड पार्ट्समधून गेमिंग पीसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना, कुठूनही विचारा, प्रश्न साधारण तेच असतात. फरक पडतो तो आपल्याकडच्या उन्हाचा, लाइटचा आणि मोठ्या बाजारापासूनच्या अंतराचा. पुण्या-मुंबईसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून ही उत्तरं इथल्या हिशेबाने दिली आहेत.

कोणते पार्ट जुने घ्यावेत आणि कोणते नवेच?

प्रोसेसर बिनधास्त जुना घ्या. तो सहसा एक तर चालतो, नाही तर चालत नाही. अर्धवट बिघडलेला क्वचितच सापडतो. ग्राफिक्स कार्ड जुनं घेण्यातच खरी बचत आहे, पण तपासून. रॅम जुनी चालते. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड हे नजरेला कळणारे पार्ट, त्यात फसायला फारसं काही नाही. मदरबोर्ड जुना घ्यायचा तर शक्यतो प्रोसेसरसकट आणि चालू अवस्थेत बघून.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा पार्ट, मात्र नवा. यात घासाघीस नको. सगळा पीसी ज्याच्यावर उभा आहे तो हाच पार्ट, आणि तो आतून किती थकला आहे हे बाहेरून कळत नाही. एसएसडीही जमल्यास नवीच घ्या.

३०,००० रुपयांत वाटणी कशी करावी?

मॉनिटर धरू नका. कार्डाला १२,०००, प्रोसेसर आणि बोर्ड मिळून ८,०००, एसएमपीएसला ४,००० आणि उरलेल्या ६,०००मध्ये रॅम, एसएसडी, कॅबिनेट. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे हा शेवटचा आकडा ताणला जातो. तो ताण कॅबिनेटवर काढा, एसएमपीएसवर नको. काच आणि रंगीत लाइट नसलेला, पुढून जाळी असलेला जुना डबा हजाराच्या आसपास मिळाला तरी पुरतो.

भाव ठरवायची आमची पद्धत सोपी आहे. तेवढाच वेग देणारा नवा पार्ट आज कितीला मिळतो ते बघायचं आणि त्याच्या ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही. विकणाऱ्याने तो २०२१मध्ये कितीला घेतला होता, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. त्या वर्षी कार्डांचे भाव वेड्यासारखे होते.

कोणतं ग्राफिक्स कार्ड शोधू?

१०८०पी (फुल एचडी) गेमिंगसाठी पहिली पसंती आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी आणि वीज फक्त १३२ वॉट, म्हणजे साधा ४५०-५५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरतो. त्याखाली जीटीएक्स १६६० सुपर (६ जीबी, १२५ वॉट) आणि आरटीएक्स २०६० (६ जीबी, १६० वॉट). पैसे थोडे जास्त असतील तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०.

जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० आता टाळा. एनव्हिडियाने या १० सिरीजसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर थांबवले; पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. शिवाय २०२४पासून काही मोठे गेम असे आले आहेत, की कार्डात रे-ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर नसेल तर ते सुरूच होत नाहीत. १६६० सुपरलाही हा अडथळा आहे. पण व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक, जुने रेसिंगचे गेम एवढंच खेळायचं असेल तर ती अडचण तुमची नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी दिसायला नवं आणि स्वस्त वाटतं. ते फक्त चार लेनवर (बोर्डाशी डेटा देवघेव करायच्या वाटांवर) चालतं आणि मेमरी ४ जीबी. जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर लावलं की गेम अडखळतो. बजेट पीसीचे बोर्ड बहुतेक तसेच असतात, म्हणून सोडून द्या.

मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड घ्यावं का?

मायनिंग म्हणजे क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी कार्ड राबवणं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि हजारो कार्डं बाजारात आली. त्यातली अजूनही हातोहात फिरतात. मायनिंग झालं म्हणून चिप मरत नाही. उलट बरेच लोक व्होल्टेज कमी ठेवून कार्ड चालवायचे. झिजतात ते पंखे, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) आणि मेमरीवरचे पॅड. पंखे बदलता येतात, पेस्टही. खरा त्रास बदललेल्या बायोसचा (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा): आरएक्स ५७०-५८० मध्ये मेमरीचं टायमिंग बदलून ठेवलेलं असतं आणि गेममध्ये स्क्रीन काळी पडते. कार्डावर बारीक बायोस स्विच असेल तर तो दुसऱ्या बाजूला सरकवून बघा, पीसी बंद असताना.

आरएक्स ५८० घेताना आणखी एक. "५८० २०४८एसपी" नावाचं कार्ड म्हणजे प्रत्यक्षात ५७०च. खऱ्या ५८०मध्ये शेडर (चित्र काढणारी चिपमधली छोटी एककं) २३०४ असतात.

विकणाऱ्याच्या घरी कार्ड कसं तपासायचं?

निघायच्या आधी फोनवर सांगा, "दादा, मी येईपर्यंत पीसी चालू करू नका." थंड अवस्थेत सुरू न होणारी कार्डं असतात. आधीच तापवून ठेवलं की तो दोष झाकला जातो.

सोबत एक पेनड्राइव्ह ठेवा. त्यात जीपीयू-झेड (कार्डाची माहिती), एचडब्ल्यूइन्फो (तापमान), फरमार्क (कार्डावर ताण) आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत) हे प्रोग्राम. यांच्या इन्स्टॉल न करता चालणाऱ्या आवृत्त्या मिळतात.

आधी कार्ड हातात घ्या. मोबाइलचा टॉर्च लावून सोनेरी पट्टी बघा. ओरखडे चालतील, काळा डाग किंवा तुटलेला तुकडा चालणार नाही. पंखा बोटाने हलकेच डोलवा. जास्त डुगडुगला तर बेअरिंग गेलं. पॅडमधून तेलकट थेंब आलेले असतील तर घाबरू नका, ते सिलिकॉनचं तेल आहे. पोर्टांच्या आत गंज बघा.

मग पीसी सुरू करून जीपीयू-झेड उघडा. नावावर विश्वास ठेवू नका, शेडरचा आकडा वाचा: १०६०च्या ६ जीबीमध्ये १२८०, ३ जीबीमध्ये ११५२, १६६० सुपरमध्ये १४०८, ६६००मध्ये १७९२. नावाआधी "फेक" असं दिसलं तर चहा पिऊन निघा.

आता फरमार्क १५ मिनिटं आणि त्यानंतर एखादा जड गेम १५ मिनिटं. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. खोलीत ३८-४० अंश असताना कार्ड ८० ते ८५ अंशांवर थांबलं तर ठीक. हॉट स्पॉटचा (चिपमधल्या सगळ्यात गरम जागेचा) आकडा दिसत असेल तर तो मुख्य तापमानापेक्षा १५-२० अंशांनी जास्त असणं नेहमीचं. फरक ३०च्या पुढे गेला तर पेस्ट वाळली आहे. ती दुरुस्ती शे-दोनशेची आहे, पण भाव पाडायला पुरेशी. स्क्रीनवर रंगीत चौकोन, ठिपके किंवा पट्ट्या दिसल्या तर मेमरी बिघडली. त्यावर स्वस्त इलाज नाही.

बरीच कार्डं ५०-६० अंशांपर्यंत पंखे फिरवतच नाहीत. सुरुवातीला पंखा थांबलेला दिसला म्हणून भांडू नका.

शेवटी कार्ड गरम असतानाच पीसी रीस्टार्ट करा आणि एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट सगळे एकेक करून लावून बघा. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो, पण विकणारा एवढा वेळ द्यायला नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर.

रिपेअर केलेलं कार्ड कसं ओळखायचं?

हीट गनने चिप तापवून तात्पुरती जिवंत केलेली कार्डं काही दिवस, काही आठवडे चालतात आणि पुन्हा झोपतात. खुणा या: चिपच्या कडेला पिवळसर चिकट फ्लक्स (सोल्डरिंगचा लेप), तिथला बोर्डाचा रंग करपलेला, आजूबाजूच्या प्लास्टिकवर सुरकुत्या, स्क्रूंचे खाचे घासलेले. फॅक्टरीचं स्टिकर तुटलेलं असणं मात्र पुरावा नाही. कोणी साधी पेस्ट बदलली असेल.

प्रोसेसर आणि बोर्डाची कोणती जोडी घ्यावी?

जुन्यात रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्ड ही आमची पसंती: सहा कोर, बारा थ्रेड, आणि पुढे त्याच बोर्डावर ५६०० बसतो. इंटेलमध्ये आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ. ३६००, ५६०० आणि ज्यांच्या शेवटी "एफ" आहे त्यांच्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन येणार नाही. बोर्ड बघायला जाताना हे विसरलात तर फेरी वाया.

बी४५०वर ५६०० लावायचा तर बोर्डाचा बायोस त्या प्रोसेसरइतका नवा हवा. विकणाऱ्याला बायोसच्या पहिल्या स्क्रीनचा फोटो मागा आणि बोर्ड कंपनीच्या साइटवरच्या प्रोसेसर यादीशी ताडून बघा.

इंटेलच्या ११५१ सॉकेटचा सापळा फार जणांना लागला आहे. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचा सॉकेट दिसायला एकच. पण आठव्या पिढीला ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो. बसतो, चालत नाही.

चौथी ते सातवी पिढी स्वस्त मिळते. पण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या यादीत इंटेलची आठवी पिढी व रायझन २००० सिरीजपासून पुढचे प्रोसेसर आहेत. जुगाड करून विंडोज ११ बसतं, पण त्यावर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेच्या सोयी) लागतं. ते नसेल तर गेम उघडत नाही.

इंटेल बोर्डाच्या पिना सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे विकणाऱ्याला प्रोसेसर काढून दाखवायला सांगा. मोबाइलने झूम करून फोटो काढा; रांगेतली एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकली आहे. एएम४मध्ये (वरच्या रायझनच्या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरला. प्रोसेसरवरचा कुलर काढायच्या आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा आणि कुलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

बोर्डावर उंदराच्या मुताचे पांढरे-हिरवे डाग, मुंग्यांची माती किंवा मेलेली पाल दिसली तर साफ करून घेऊ असा विचार करू नका. खेड्यातल्या ग्राहक सेवा केंद्रातून आलेल्या मशीनमध्ये हे नेहमी दिसतं.

एमएस-सीआयटी केंद्रातले किंवा ऑफिसमधले जुने डेल-एचपी डबे घेऊन त्यात कार्ड टाकलं तर?

चालतं, दोन अटींवर. एक, डबा टॉवर हवा. आडव्या चपट्या डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. दोन, आतला एसएमपीएस. तो बऱ्याचदा २४०-३०० वॉटचा असतो आणि कार्डासाठी वेगळी वायर नसते. स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात. म्हणजे वेगळ्या वायरशिवाय चालणारं, जीटीएक्स १६५०सारखं कार्डच घ्यावं लागतं. एसएमपीएस बदलू म्हटलं तर डेलच्या अनेक मॉडेलांत २४ पिनचा नेहमीचा जोड नसतो, ॲडॅप्टर लागतो. आठव्या पिढीचा आय५-८५०० असलेला टॉवर मिळाला तर सौदा चांगला.

रॅम घेताना काय बघावं?

८ जीबीच्या दोन काड्या, एक १६ची नको. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. संशयास्पद स्वस्त १६ जीबी काडी दिसली तर लेबलवरचा कोड वाचा: त्यात आकड्यांनंतर "यू" असेल तर डेस्कटॉपची, "आर" असेल तर सर्व्हरची. सर्व्हरची रॅम साध्या बोर्डावर चालत नाही.

मेमटेस्ट८६ पूर्ण चालायला काही तास लागतात, तेवढं कुणाच्या घरी बसता येत नाही. म्हणून तीन दिवसांची तपासणी मुदत व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि त्याच रात्री टेस्ट लावा. एकही लाल ओळ आली तर काडी परत.

एसएसडी आणि हार्ड डिस्क?

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थ ९० टक्क्यांच्या खाली असेल तर नको. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीची लेखन मर्यादा साधारण ३०० टीबी असते. एकूण लेखन त्याच्याशी ताडा. हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी शून्य हव्यात. सी५ एक जरी असली तरी त्या डिस्कवर गेमसुद्धा ठेवू नका.

दुकानदार ५०० वॉटचा एसएमपीएस ९०० रुपयांत देतो. घेऊ का?

लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत? समजा १८. मग १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही या १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचे ५०० फक्त डब्यावर. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये हा आकडा ४५च्या आसपास असतो. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का आणि कार्डासाठी ६+२ पिनची वायर असलेला घ्या. मागे ११५/२३० असा लाल खटका दिसला तर तो जुन्या पद्धतीचा, खाली ठेवा.

आमच्याकडे लाइट सारखी कमी-जास्त होते. पीसी टिकेल का?

टिकेल, पण आधी अर्थिंग बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर डब्याच्या पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. करंट नगण्य, माणसाला फक्त झिणझिण्या. पण त्या अवस्थेत एचडीएमआय किंवा लॅनची वायर चालू पीसीला लावली की पोर्ट जळतो, आणि मग दोष सेकंड हँड कार्डावर येतो. वायरमनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ३ व्होल्टच्या आत हवं. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहा. पिण्याच्या पाण्याची ओढ असली तरी भांडी धुतलेलं पाणी चालतं.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० ओढतात, म्हणजे गेम बंद करून शटडाउन करण्यापुरता वेळ. ११०० व्हीए बरा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्ह हवा, आणि मागचा खटका "यूपीएस" मोडवर. नाही तर लाइट जाताना इन्व्हर्टर येईपर्यंत पीसी रीस्टार्ट होतो.

डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. हाय-लो कटऑफ असलेला स्टॅबिलायझर अशा वेळी पीसी वाचवतो. पाऊस-वारा सुटला की मात्र प्लग काढायचा, एवढंच.

उन्हाळ्यात पीसीसमोर कुलर लावला तर चालेल का?

समोर नको. डेझर्ट कुलरच्या हवेत बारीक तुषार असतात आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर पांढरे साचतात. कुलर खिडकीत, पीसी बाजूला, आणि दुसरी खिडकी उघडी. पत्र्याच्या खोलीत दुपारी १२ ते ५ जड गेम टाळा, किंवा गेममध्ये ६० फ्रेमची मर्यादा घाला. तापमान लगेच उतरतं.

महिन्यातून एकदा ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकाट फिरलं तर बेअरिंग जातं.

माल कुठे शोधावा?

आधी जिल्ह्यात. मे-जूनमध्ये संभाजीनगर आणि नांदेडच्या इंजिनिअरिंगची मुलं वसतिगृह सोडतात तेव्हा चांगले पीसी निघतात, बऱ्याचदा बिलासकट. मोठ्या बाजारात जायचं तर नांदेड, लातूरकरांना हैदराबाद सोयीचं: सिकंदराबादच्या पार्क लेनमध्ये चिनॉय ट्रेड सेंटर, सगळे त्याला सीटीसी म्हणतात. नांदेडहून सिकंदराबादला थेट गाड्या आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनजवळ. फक्त एका कार्डासाठी जात असाल तर तिकीट आणि दिवस भावात धरा.

बिल मागाच. काही कंपन्या वॉरंटी सीरियल नंबरवर बघतात, काही बिलावर अडतात. बिलावरचा सीरियल नंबर आणि कार्डावरचा एकच आहे ना, तेही ताडा.

ऑनलाइन घेतलं तर पैसे कसे द्यावेत?

अनोळखी माणसाला पूर्ण ॲडव्हान्स देऊ नका. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी पार्टशेजारी ठेवून, सीरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ मागा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. "रिफंडसाठी पिन टाका" म्हणणारा चोर आहे. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. पार्सल फोडताना पत्त्याच्या लेबलपासून पार्ट बाहेर येईपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा.

आख्खा पीसी एसटीने आणायचा आहे. काय काळजी घ्यावी?

ग्राफिक्स कार्ड आणि जड कुलर काढून वेगळे ठेवा. खड्ड्यांत कार्डाचं वजन स्लॉट मोडतं. पार्ट अँटिस्टॅटिक पिशवीत, नसेल तर पुठ्ठ्यात. उघडा बोर्ड थर्माकोलला टेकवू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत थर्माकोल घासून स्टॅटिक तयार होतं. डिकीत नको, मांडीवर.

घरी जोडला, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. पैसे बुडाले का?

बहुतेक वेळा नाही. मॉनिटरची वायर बोर्डाला लावली आहे की कार्डाला, ते बघा, कार्डाला हवी. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनचा जोड लावला आहे का? तो राहून जातो. कार्डाची ६+२ पिन पूर्ण आत बसली आहे का? मग रॅमची एकच काडी ठेवा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. तरीही नाही तर प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा. जुना सेल मेलेला असतो. नवा वीस-तीस रुपयांना घड्याळवाल्याकडे मिळतो. यानंतर पहिल्यांदा सुरू करताना दोन-तीन मिनिटं थांबा, बोर्ड रॅम ओळखत असतो आणि त्या वेळात स्वतःहून एक-दोनदा बंदही होतो.

एवढं करूनही काही आलं नाही तर कार्ड मित्राच्या चालू पीसीत लावून बघा. तिथे चाललं तर दोष बोर्ड, रॅम किंवा प्रोसेसरकडे. नाही चाललं तर मुदत संपायच्या आत विकणाऱ्याला सीरियल नंबरसकट व्हिडिओ पाठवा.